लाखोळीचं पीठ

नंदनवनला जाणाऱ्या सिटी बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर पारशिवनीकडच्या दोघी बसल्या होत्या. मी पुस्तक उघडून बसलो, पण वाचलं नाही.

“डब्यात काय हाय वं, मैनाबाई?”

“चन्याचं बेसन. लेकीले नेऊन राहिली.”

“मांगच्या महिन्यात तं नेलं होतं.”

“ते लाखोळीचं होतं, कांता. मजुरीत डाळ भेटली, तेच दळून देली. आता माह्या देराचे पाय आखडले. डाक्टर म्हणते, रोज लाखोळी खाल्ल्यानं झालं. आता सोडली तं दुखनं पुढं वाढत नाही म्हणते.”

“मंग लेकीकडचं पीठ वापस आन.”

“तिच्या सासरी देलेलं वापस कसं मांगू? इहीनबाई जलमभर टोमने मारन.”

“अन् पोरीचे पाय आखडले तं?”

मैनाबाईनं मांडीवरचा डबा जवळ ओढला.

“इहीनबाईले काय सांगू?”

“खरं सांग. ते पीठ तिनंबी खाल्लं असन. पाय तिलेबी हायेत.”

मैनाबाईला हसू आलं.

“तू चाल न संगं.”

“मले पुढं जाचं हाय.”

“मांगून येनाऱ्या बसनं जाजो.”

नंदनवनला दोघी उतरल्या. डबा आता कांताच्या हातात होता.

“तू फक्त बेसन दे, बाई. लाखोळी वापस मांगायचं काम मी करतो,” कांता म्हणाली.