गोट्याशेजारचा हात

रागिणी : काकू, रागावू नका. श्यामचा हात फोटोतून काढायचा, एवढंच म्हटलं मी.

आशाबाई : एवढंच? अवं पोरी, माह्या पोराचा तो हात चितेवर जळून गेला. तेवढा फोटोतच उरला हाये. अन् तू कॉलेजातून येऊन म्हनतं, काढते.

रागिणी : आकाशातून पडलेल्या दगडाचा फोटो घेताना शेजारी मापाची पट्टी ठेवावी लागते. नाहीतर दगड लिंबाएवढा की नारळाएवढा, बघणाऱ्याला कसं कळणार? हात चालत नाही. प्रत्येकाचा वेगळा असतो.

आशाबाई : त्याले काय माईत तुह्यी पट्टी? वावरात दिसला गोटा, त्यानं बाजूले हात ठेवला अन् फोटो काढला. वासराच्या पाठीवर ठेवते, तसा ठेवला.

रागिणी : आता दगड तरी अख्खा असता!

आशाबाई : कुठचा अख्खा? गावानं फोडून ज्याच्या-त्याच्या देवघरात नेला. तुह्या अमरावतीले पोचला तो शेवटचा तुकडा.

रागिणी : म्हणूनच हा फोटो हवाय. अख्ख्या दगडाचा हा एकच. माप लागलं तर तो अहवालात जाईल, खाली श्यामचं नाव जाईल. नाही लागलं तर नुसतं ‘चांदूर बाजारजवळ सापडलेला तुकडा’.

आशाबाई : नाव नाई?

रागिणी : नाही, काकू. त्याच्या हाताचं माप मिळालं तर त्यावरून दगडाचं काढता येईल. तसं काही आहे का घरात? एखादा ठसा?

आशाबाई : होता. पोळ्याले बैलाच्या अंगावर गेरूचे छापे मारले अन् एक पंजा गोठ्याच्या भिताडावर मारला. मंग महिन्याभरात परतवाड्याच्या रस्त्यावर गाडीखाली गेला पोरगा.

रागिणी : मग चला ना, बघू तो पंजा.

आशाबाई : काय पाहतं? दिवाळीले घरात दिवा नाई लावला आमी, अन् या मानसानं भिताडाले चुना मारला. इचार त्याईले. बसले हायेत खाटेवर, मुक्यावानी.

रागिणी : काका, खरंच पुसला?

नत्थुजी : पुसला नाई. वरून चुना मारला.

आशाबाई : एकच झालं.

नत्थुजी : गोठ्यात जाता-येता दिसे तो. म्हनून मारला. अन् मंग दिसेना, तं ते त्याच्याहून जड गेलं.

आशाबाई : आता काय उपेग सांगून?

नत्थुजी : चला बाई, गोठ्यात. तूबी चाल.

(नत्थुजी हौदातून बादली भरून भिंतीवर पाणी मारतात.)

रागिणी : काकू… दिसतोय! चुन्याखालून लाल दिसतोय.

नत्थुजी : पातळ चुना हाये. ओला झाला का खालचा गेरू वर दिसते.

आशाबाई : तुमाले कसं माईत?

नत्थुजी : सकाळी बैलाले पानी पाजतो. उरलेलं मारतो भिताडावर.

आशाबाई : रोज?

नत्थुजी : रोजच.

आशाबाई : अन् मले नाई सांगतलं.

नत्थुजी : तू बोलत कुठी होती माह्यासंग?

रागिणी : काकू, ही पट्टी पंजाशेजारी धरता? सरळ. बोटं पूर्ण दिसू द्या.

आशाबाई : करंगळी पाय. फोटोतल्यावानीच वाकडी. लहानपनी दारात सापडली होती.

रागिणी : हो, तोच हात. अहवालात ‘अंदाजे’ लिहावं लागेल, काकू. पण फोटो जाईल. नावही जाईल.

नत्थुजी : लवकर घ्या, बाई. वाळलं का जाते तो.

रागिणी : झालं, काका. काकू, पट्टी सोडा आता.

आशाबाई : हे घे तुह्यी पट्टी. अन् तुमी उभे कावून? आना ना आनखी एक बादली.