पंगतीच्या वेळी चालणारं इंजिन

आमी डोंगरावरचे धनगर, गुरुजी. मुळशीच्या धरणाच्या वर तो कडा दिसतो न्हवं, त्याच्या मागं आमचा वाडा व्हता, चार घरं आन शेळ्या, दुसरं काय न्हाई. आई शेळ्यांमागं, बाप शेळ्यांमागं, मी चालायला लागलो तवाच माझ्या हातात काठी दिली. पण मला डोंगर नगं व्हता, मला माणसांत राहायचं व्हतं, काय सांगू तुम्हाला, खाली गावात दिवे लागले की मी वरनं बघत बसायचो. बहात्तरचा दुष्काळ सरला आन त्याच्या पुढच्या साली मी खाली उतरलो ते भाताच्या गिरणीवर पोती उचलायला.

गिरणी मालकाची, गावाच्या कडंला, वढ्यापाशी. एका खोलीत भात भरडायचं यंत्र, भिंतीपलीकडं छपरात डिझेलचं इंजिन, आन मदी भिंतीला भोक पाडून पट्टा फिरवलेला. त्या गिरणीची एक रीत व्हती. दिवाळी झाली, नवं भात वाळलं की पहिल्या दिवशी हरेक घरानं एक एक ओंजळ भात आणायचं, ते सगळं एकत्र करून यंत्रात घालायचं, तो तांदूळ अंगणात शिजवायचा आन देवाला निवद दाखवायचा. पावट्याची आमटी, पळसाच्या पत्रावळी, आन सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. ती पंगत उठल्याबिगर तांदळाचं एक पोतं गिरणीबाहेर जायचं न्हाई. कोणत्या घरचा दाणा कोणाच्या पानात गेला ते कुणाला कळायचं न्हाई, तीच त्यातली गंमत.

पहिल्या साली मला पंगतीच्या पार शेवटी बसवलं, उकिरड्याच्या अंगाला. बसवलं म्हणजे काय, मीच बसलो. एक जण म्हणला, ए शेळीवाल्या, पान झाकून ठेव, लेंडी पडंल. समदी हसली. मी पण हसलो. हसलो न्हाई तर दुसऱ्या साली बोलावतील का न्हाई, ह्याचं भ्याव. पुढं दोन-तीन सालांनी मालकानं मला मुकादम केलं आन मी शेवटापासनं चार माणसं वर सरकलो. तुम्हाला हसू यील, पण मी ती माणसं मोजायचो.

आन मंग रहिमान आला, इंजिन चालवायला. पौडाकडचा, बोलणं आपल्यासारखंच, घरची भातखाचरं, बाप शेती करणारा. हँडल मारून इंजिन चालू करायचा, कान लावून ऐकायचा आन म्हणायचा, बिरू, आज ह्याचा घसा बसलाय. माझा एकट्याचा मैतर झाला तो. मला त्यानं कधी शेळीवाल्या म्हटलं न्हाई. ईदला मी त्याच्या घरी जाऊन शीरखुर्मा खाऊन आलो, त्याच्या आईनं दोन वाट्या वाढला, पण गावात मी कुणाला सांगितलं न्हाई.

नव्या भाताचा दिस आला. सकाळी रहिमाननं धोतराच्या फडक्यात बांधून त्याच्या घरची ओंजळ आणली, माझ्या हातात दिली, म्हणला, माझं बी घाल रे. मी घातलं. कुणी बघितलं न्हाई. आन पाणी मारून अंगण सारवलं, पत्रावळी मांडायला लागले, तवा मी पानं मोजायला लागलो. हा पंगतीत बसला तर कुटं बसणार? माझ्या शेजारी. आन आमी दोघं परत शेवटाला. एक शेळीवाला, एक मुसलमान. हे सगळं माझ्या डोक्यातलं, गुरुजी. कुणी एक शब्द बोललं न्हवतं.

मी छपरात गेलो आन त्याला म्हणलो, गावातल्या म्हाताऱ्यांचं जरा वाकडं हाय, तू इंजिनापाशीच बस. आन अंगणात येऊन म्हणलो, रहिमानला देवाला दाखवलेलं चालत न्हाई, त्यांच्यात तसं असतं, आग्रह करू नगा. दोन्हीकडं खोटं. मदली भिंत मीच.

त्यानं काय केलं ठावं हाय? इंजिन चालू ठेवलं. यंत्रात एक दाणा न्हवता, पट्टा नुसता फिरतोय, आन पंगत उठंस्तवर इंजिन धडधड करतंय. कुणी इचारलंच तर काम चाललंय म्हणायला व्हावं, म्हणून. त्याला वाटलं, गावाची लाज राखतोय. राखली ती माझी. आन दर साली हेच. दर साली सकाळी फडक्यात ओंजळ, दर साली रिकामं इंजिन. त्याच्या खाचरातला तांदूळ मी खायचो आन भिंतीपलीकडचा आवाज ऐकायचो. मी वर सरकत सरकत मालकाच्या पानापासनं तिसरा झालो.

सातव्या का आठव्या साली, पंगत भरात आली असताना इंजिन बंद पडलं. एकदम. एवढी शांतता की आमटी भुरकल्याचा आवाज यायला लागला. रहिमान दारात आला, हात पुसत. म्हणला, डिझेल फुकट जळतंय, म्हणून बंद केलं. गिरजाआत्या वाढत व्हती, मालकाची थोरली बहीण, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. ती पातेलं घेऊन तशीच त्याच्याकडं वळली.

— ये की रं रहिमान. बस बाबा, ह्या साली तरी दोन घास खा.

समदी पंगत बघाया लागली. एक जण तर सरकून जागा करत व्हता, मी बघितलं माझ्या डोळ्यांनी. आन माझ्या तोंडातनं निघून गेलं,

— आत्या, कशाला बळजबरी करता. त्याला चालत न्हाई.

रहिमाननं माझ्याकडं बघितलं. त्या टायमाला त्याला समदं कळलं. इतकी सालं आडवं कोण आलं, ते. तो एक बोल बोलला असता तर मी तितंच मेलो असतो. पण त्यानं मान खाली घातली.

— व्हय आत्या. चालत न्हाई मला.

आन आत जाऊन हँडल मारलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला इचारलं, काल खरं का सांगितलं न्हाईस? तो पट्ट्याला मेण लावत व्हता. म्हणला, तू लई सालांनी बसलाईस तितं, मालकाजवळ. एवढंच. हंगाम संपला आन त्यानं काम सोडलं.

पुढं तीन-चार सालांनी तो गावात आला, पिठाची गिरणी टाकायला चावडीमागची खोली मागत व्हता. गाव बसलं. म्हातारे म्हणले, सात-आठ सालं हितं काम केलं आन आमच्या पंगतीला शिवला न्हाई, आता आमच्या बायांनी ह्याच्याकडं दळण न्यायचं व्हय? मी तितं बसलो व्हतो, पुढच्या रांगेत. मी तोंड उघडलं न्हाई. त्याला खोली दिली न्हाई. तो मान हलवून गेला आन मुलूख सोडून लांब गेला. आता तो वारूनबी लई सालं झाली म्हणतात. गावात अजून सांगतात, एक रहिमान व्हता, लई ताठ, आपला भात खाल्ला न्हाई त्यानं.

त्या गिरणीच्या जागंवर आता बंगल्यांचं कुंपण हाय. पोरगा भूगावला फ्लॅटात, बायको गेली, मी ह्या टेकाडावर एकटा. नातू हिंजवडीला कंपनीत, तो सांगतो, आमच्या टेबलाला एक बिहारचा, एक केरळचा, समदे एकमेकांच्या डब्यातलं खातात. मी ऐकतो. तोंडात घास फिरतो नुसता. ज्या माणसांत बसायला मी डोंगर सोडला, त्यातला आता कुणी राह्यला न्हाई, आन जो माझ्या शेजारी बसला असता त्याला मीच बसू दिलं न्हाई.

म्हणून तुम्हाला बोलावलं. लिहा, गुरुजी, आन ह्या दिवाळीनंतर देवळापुढं मोठ्यानं वाचा, मी समोर बसतो. रहिमान आपणहून न्हाई म्हणला न्हवता. आत्याबिगर त्याला कुणी इचारलंच न्हवतं, आन तवा बी त्याच्या आधी मीच बोललो. आन गावाला म्हणावं, तुमच्या बापजाद्यांनी जो भात खाल्ला, त्यात दर साली त्याच्या घरची ओंजळ व्हती.

झालं. वही मिटा आता. देव तुमचं भलं करो, उन्हाचे एवढे वर आलात. चुलीवर भात हाय, लवकरच्या पिकाचा, नवाच हाय. तुमच्यात काय चालतं, काय न्हाई, ते मी मनानं ठरवत न्हाई आता. इचारतो. जेवता का, गुरुजी?