घरपट्टीच्या वहीतली रेघ

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, आन पासली गावापास्नं चालत वर आलेल्या पाव्हण्यांनो. म्या सिंधू, खालच्या आळीतली. माईकपुढं कधी उभी ऱ्हायले न्हाई. पर बबनआबा गेले, त्यांच्याच अंगणात त्यांच्यावर बोलायचं म्हणल्यावर म्याच हट्टानं नाव दिलं. रडणार न्हाई, आधीच सांगते. त्या माणसानं आमाला लई हसवलंय.

आबा ग्रामपंचायतीचे शिपाई. घरपट्टीचं बिल घेऊन दारात आले की च्या घ्यायचे, तोबी पार निवल्यावर. आन नुसतं बिल देतील तर ते आबा कसले! "वाच," म्हणायचे. "छप्पर काय लिवलंय? स्लॅब? तुझ्या घरावर पत्रा हाय ना? मंग स्लॅबची पट्टी का भरतीस?" नामदेवभाऊ, तुमी सांगा, तुमच्या घराचा खोटा स्लॅब वहीतनं कुणी उतरवला? आबांनीच की न्हाई?

पर आबांचं खरं भांडण नावांवरनं. आपल्या गावात माणूस जातो, पट्टीवरचं नाव जात न्हाई. काढलं तर म्हाताऱ्याचा अपमान, असं आपण समजतो. आबा म्हणायचे, "मेलेल्याच्या नावानं भरताय, पावती वर पोचवू का?"

माझे मालक मिलिटरीत व्हते. ते गेले, तवा आबा आले. म्हणाले, "सिंधू, सैनिकाच्या बायकोला घरपट्टी माफ असती. पर घर तुझ्या नावावर पायजे. अर्ज कर." म्या भांडले. म्हणलं, त्यांचं नाव पुसू देणार न्हाई, मला न्हाई पायजे तुमची माफी. सहा महिने बोलले न्हाई आबांशी. मंग एक दिवस मला पंचायतीत नेलं आन वही उघडली. "बघ पोरी. हितं नाव पुसत न्हाईत. वरनं एक रेघ मारत्यात. खालचं नाव वाचता येतंय का?"

येत व्हतं. चांगलं ठळक येत व्हतं. तिथंच बसून रडले आन अर्ज दिला.

आता गंमत ऐका. गावाला शहाणपण शिकवणाऱ्या आबांच्या सोताच्या घराची पट्टी कुणाच्या नावानं यायची? त्यांच्या वडलांच्या! विचारलं की म्हणायचे, "तात्यांच्या नावावर रेघ मारायला हात धजत न्हाई गं." हसा, हसा. आबाबी हसले असते.

परवा सोनाकाकी, आबांच्या मालकीण, मला म्हणाल्या, "आता तात्यांच्या खाली यांचं नाव लावणार आन त्याच्यावरबी रेघ मारणार ना गं? मला बघवायची न्हाई. ऱ्हाऊ द्या घर हाय तसं." काकींना मूलबाळ न्हाई, भावकी मोठी, उद्या कुणीबी घरावर हक्क सांगंल. नुसत्या पट्टीवर मालकी ठरत न्हाई, हे आबांनीच शिकवलेलं. पर बाईमाणसाच्या हातात पहिला कागद तोच असतो.

म्हणून काल म्या पंचायतीत जाऊन वही काढायला लावली. तात्यांच्या नावावर रेघ हाय. सरळ, जपून मारलेली. आन खाली एकच नाव. सोनाबाई. नाव बदलायचा ठराव गेल्या दिवाळीतला. काकी, तुमी त्या अर्जावर अंगठा दिलाय, रेशनचा कागद समजून!

ग्रामसेवक म्हणाले, आमी आबांना विचारलं, मधी तुमचं नाव लावायचं न्हाई का? तर आबा म्हणाले, "कशाला? आज लावायचं आन उद्या त्याच्यावर रेघ मारायची. हिला बघवायचं न्हाई ते."

काकी, ऐकलं का? त्या वहीत मालक म्हणून आबांचं नाव न्हाईच. त्यांच्या नावावरची रेघ तुमाला कधीच बघावी लागायची न्हाई.

आता उठा सगळी. च्या निवंपर्यंत आबा आपल्या दारात बसायचे, तेवढा वेळ त्यांच्यासाठी गप उभं ऱ्हाऊ. सोनाकाकी, तुमी बसूनच ऱ्हावा. अंगण तुमचं हाय. तुमची परवानगी घेते, आन आबांना शेवटचा राम राम घालते.