केशरी दगडफूल

तानाबाई : हात नको लावू पोरी, देव हाय तो.

नुजहत : नाही लावत, काकू. पण हा शेंदूर कोणी लावला?

तानाबाई : मीच. दर शनवारी तेल-शेंदूर. वैष्णवी गेली अन् लडाखहून तिचं सामान आलं, त्यात हा दगड कपड्यात गुंडायेल होता. केशरी दिसला. मले वाटलं, पोरीनं मायसाठी मारुती ठेवला.

सदाशिवराव : मी म्हनलं व्हतं, पयले तिच्या कालेजात इचारू.

तानाबाई : कवा म्हनलं? तुमी त तवापासून बोलनंच सोडलं.

नुजहत : काकू, तो शेंदूर नव्हता. दगडफूल होतं ते.

तानाबाई : मसाल्यातलं? ते त काळं रायते.

नुजहत : त्याचंच भावंड समजा. हे केशरी असतं. बर्फाच्या गारठ्यात, उंचावरच्या उघड्या दगडाला धरून राहतं. नखाएवढं वाढायला वर्षं जातात. वैष्णवीला ज्या भागात सापडलं, तिथं ते असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. आम्ही दोघी एकाच मॅडमकडे शिकत होतो ना. हे सापडलं त्या दिवशी ती एकटीच वर गेली होती; तिच्या वहीत तेवढी नोंद आहे.

सदाशिवराव : मंग लिहून टाका न तसं.

नुजहत : नुसतं लिहून कोण मानतं, काका? दगड दाखवावा लागतो. नाही तर तिचं सगळं काम वाया.

तानाबाई : मनजे शेंदूर फासून पोरीचं काम मीच बुडवलं.

सदाशिवराव : आता रडू नको.

तानाबाई : कोन रडून राह्यलं? मले रडू येतच नाही. मयतीतबी नाही आलं. बाया माह्या तोंडाकडे पाहत होत्या.

नुजहत : काकू, मागची बाजू पाहायची होती. तुम्ही फिरवता का जरा?

तानाबाई : तूच फिरव माय.

(नुजहत देव्हाऱ्यातला दगड उचलून दारातल्या उजेडात नेते.)

नुजहत : हे पाहा! भिंतीकडून कोराच आहे. इथं शेंदूर पोचलाच नाही.

सदाशिवराव : देव्हारा अरुंद हाय. मांगं बोट जात नाही तिचं.

नुजहत : रुपयाएवढंच दगडफूल उरलंय. पण भागेल.

तानाबाई : काय करसान त्याचं?

नुजहत : कॉलेजात पेटीत जपून ठेवतील, वर वैष्णवीचं नाव लावून. आणि हे दगडफूल कुठं कुठं आहे त्या नकाशावर एक नवीन ठिपका येईल.

तानाबाई : कोन्या जागी?

नुजहत : तिनं हा दगड उचलला, त्या जागी.

तानाबाई : तिथंच पडली न ते?

सदाशिवराव : कायले इचारून राह्यली आता?

तानाबाई : तुमी कधी सांगतलं नाही, मी कधी इचारलं नाही. सांग व पोरी.

नुजहत : हो काकू. त्याच घळीत. दगड तिच्या खिशातच होता, सामान बांधणाऱ्यांनी मग कपड्यात गुंडाळला.

तानाबाई : ने मंग. थांब, फडक्यात बांधून देतो. अन् तो ठिपक्याचा नकाशा निंघाला का एक मले धाडजो. देव्हाऱ्यात जागा हाय आता.