गाडीचा सेन्सर आणि बाळाची खिमटी

तुम्ही हसाल, पण माझी उरलीसुरली अब्रू गेली ती एका गॅरेजवाल्यासमोर. बाळाचं वजन काही केल्या वाढत नव्हतं, म्हणून जामखेडहून त्याला नगरच्या डॉक्टरांकडे नेत होते. गाडी मी चालवत होते, मागे सासूबाई बाळाला घेऊन बसलेल्या. वाटेत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दिसलं त्या पहिल्या गॅरेजला गाडी लावली.

गॅरेजवाल्यानं मशीन जोडून बघितलं. "ताई, सायलेन्सरच्या पाईपमधला सेन्सर गेलाय. तो धूर बघून इंजिनाला सांगतो, पेट्रोल जास्त झालं का कमी. त्याला क्लोज लूप म्हणत्यात. आता ती खबरच बंद. इंजिन ओपन लूपमधी गेलंय, पाठ केलेल्या मापानं ओतत बसलंय."

"मग बंद पडेल का हो?"

"न्हाई, चालंल की. फक्त तिला कळत न्हाई, हवंय का नको झालंय."

मागून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी आमच्या सूनबाईवानीच की! पोरगं तोंड फिरवतंय, अन् ही खाण्याच्या वेळांचा तक्ता बघून चमचा कोंबती."

गॅरेजवाला खाली बघून हसला. तेवढ्यात पर्समधला मोबाईल वाजला. अकराचा अलार्म, खिमटीचा. बाळानं तो आवाज ओळखला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

आणि मी? मी खिमटीचा डबा उघडला.