चार दिस त्यांचा, चार दिस आमचा

माझं माहेर हट्ट्याकडचं. लगीन होऊन इकडं सेनगावाकडं आले तवा घरात सासू, सासरे आन् हे दोघं भाऊ, आमचे हे थोरले, धाकले म्हंजे माझे दीर. मंग दिराचं लगीन झालं, शांता आली, माझी जाऊ. एका दिवाळीला ती माहेरी गेली आन् येताना पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली, भुरकट रंगाचं, डोळे नुकते उघडलेले. सासू म्हनली, अगं बाया माहेरून साडी आनतेत, तू कुत्रं काहून आनलं? पन वाढवलं त्याला आमी दोघींनी, ती म्हशीचं दूध काढायची आन् मी कापसाचा बोळा भिजवून त्याच्या तोंडात धरायचे. भुऱ्या म्हनायचो त्याला.

मंग सासरे गेले, वाटणी झाली. काय सांगू तुमाला ताई, भांडी वाटली, बैल वाटले, रानात बांध घातला, घरात भिंत आली. विहीर कशी वाटावी? मंग पंचांनी बारी लावून दिली, चार दिस थोरल्यानं मोटर चालवायची, चार दिस धाकल्यानं. कुत्र्याचं कोनी नावच काढलं न्हाई, इसरले म्हना. मंग त्यानं आपलं आपुनच ठरवलं. ज्याची बारी त्याच्या मागं रानात जायचं, पाटाच्या चिखलात लोळायचं, उंदरं धरायची, आन् सांजेला त्याच्याच दारात जेवायचं, त्याच्याच दारात निजायचं. तुमी म्हनसाल मोटरीचा आवाज ऐकून जात असंल. मला बी तसंच वाटायचं. पन उन्हाळ्यात विहीर आटते, मोटर बंद, रानात कोनी फिरकत न्हाई, तरी ह्याची बारी बराबर. चार दिस सरले की सकाळी उठला, आंग झाडलं, चालला पलीकडं. मानूस इसरंल, हा न्हाई.

पुढं एकदा मोटर जळाली. हे म्हने धाकल्यानं जाळली, धाकले म्हने थोरल्यानं. तेवढ्यावरून भावाभावाचं बोलणं तुटलं, आन् गडी बोलंनात म्हनून आमी बायांनी बी तोंडं फिरवली. काहून फिरवली, देव जाणे. पन एकदा भुऱ्याला रानडुकरानं फाडलं, मांडीला ही एवढी जखम, तवा बारी त्यांची होती. आमच्याकडं आला तर जखमेला हळद-तेल लावलेलं, वरून शांताच्या जुन्या साडीची चिंधी. मी बी मंग रोज चिंधी बदलली, हळद लावली, आन् त्यांच्या बारीला तसाच जाऊ दिला. असा बरा केला आमी त्याला, ना ती माझ्याशी बोलली ना मी तिच्याशी.

मागच्या साली लेकराच्या कालेजापायी दीर हिंगोलीला गेले राहायला. रान बटईनं दिलं, घराला कुलूप. जाताना टेम्पोत भुऱ्याला बी नेलं. मी भिंतीआड रडून घेतलं, म्हनलं जाऊ द्या, तिनंच आनलेला. चार दिस राहिला म्हने तिथं गुमान. आन् पाचव्या दिशी दुपारी आमच्या दारात हजर, पाय रक्तानं भरलेले, जीभ बाहेर. टेम्पोत घालून नेलेलं कुत्रं ओ, रस्ता कसा घावला त्याला? हे आपले पाहूनच राहिले. मी म्हनलं, पाहता काय, आज आपली बारी हाये न्हाई का.

पन परत हिंगोलीला जायचं काही जमलं न्हाई त्याला. पाय सुजले, वय बी झालेलं. तवापासून त्यांची बारी लागली की पलीकडं जातो आन् कुलपाच्या दारात बसून राहतो. भाकर टाकली तर तोंड लावत न्हाई, पानी तेवढं पितो. आधी आंगात दम होता, चार दिस उपाशी काढायचा आन् आमच्या बारीला भरून काढायचा. आता एकेका बारीला अर्धा होऊन येतो. शांता घालायची तसं वरनात कालवून पाहिलं. उचलून आमच्या वट्यावर आनला, तर सरपटत परत गेला. जनावराचा डॉक्टर म्हनला, ह्याला तकलीफ तर काहीच न्हाई, मंग खात काहून न्हाई?

शेवटी नातीच्या फोनवरून शांताला लावला. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला तिचा. बाई, म्हनली मला पयल्यासारखंच, आन् रडायलाच लागली. म्हने घरमालक आता कुत्रं ठेवू देत न्हाई, आन् दिरापुढं गावाचं नाव काढलं की ताट सारून उठतेत. मी तरी काय वेगळं सांगनार होते, आमच्या घरी बी तेच. फोन भुऱ्याच्या कानाला धरला, ती तिकडून भुऱ्या भुऱ्या करून राहिली, ह्यानं फोनचा वास घेतला आन् मान खाली ठेवून दिली.

काल ह्यांनी काय केलं सांगू? जर्मनची ताटली घेतली आन् ज्या दारात इतक्या वर्षांत पाय ठेवला न्हाई तिथं गेले. म्हनले, ए भुऱ्या, खा लेका. दोघा भावांचा आवाज एकच हाये ताई, सासूसुदीक फसायची. भुऱ्यानं कान उभे केले, शेपटी हालवली, उठला बी. जवळ येऊन हाताचा वास घेतला. मंग गेला आन् परत दाराशी पडला. हे तिथंच बसले कुलपाला हात लावून. मी म्हनलं, आता तरी लावा भावाला फोन. तर म्हनले, अगं मोटर मी जाळली न्हाई, मंग मी आधी कसं बोलू? कपाळ फोडून घेतलं तरी हे दोघं भाऊ हालनार न्हाईत, आन् तो मुका जीव बी हालनार न्हाई.

आज त्यांच्या बारीचा शेवटचा दिस हाये. सकाळी आमची लागते. ज्वारीचं पीठ काढून ठेवलंय, दूध बी राखून ठेवलंय. तेवढी सकाळ त्याला पाहू दे, म्हनते देवाला, दुसरं काही मागत न्हाई. तुमचं लई भलं होऊ ताई, उन्हाचं बसून ऐकून घेतलं. जाताना तिकडून जासाल तर त्याला हाक तेवढी नका मारू. बाईचा आवाज आला की शांता आली समजून उठाया पाहतो. काल उठला, आज उठवत न्हाई त्याला.