लिन आंटींची चौकशी करणारा म्हातारा

खरं सांगतो, मला तर तो भामटाच वाटला होता. टॅम्पिनीसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये लिन आंटी एकट्या राहतात, आणि हा म्हातारा तीन दिवस खाली लिफ्टपाशी उभा राहून त्यांचीच चौकशी करत होता. शेवटी मी हटकलं, "अंकल, काय काम आहे?"

त्याने खिशातून एक फोटो काढला. अर्धं डोकं भादरलेली, कानात सेफ्टी पिन अडकवलेली मुलगी माइकवर किंचाळत होती.

"इथले अगदी सुरुवातीचे पंक बँड मी टिपलेत. आता पुस्तक काढतोय. तिची परवानगी हवी."

लिन आंटी आणि पंक? माझा विश्वासच बसेना. त्याला खालीच थांबवलं आणि फोटो तेवढा वर नेला.

आंटींनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "त्याला विचार, हा फोटो काढल्यावर मी काय फेकून मारलं होतं?"

मी खाली जाऊन विचारलं. म्हाताऱ्याने टोपी काढून कपाळावरचा व्रण दाखवला. "बूट!"

वर येऊन सांगितलं, तर आंटींनी दार सताड उघडलं.

"तोच आहे. आण त्याला वर. आणि विचार, माझा बूट आणलाय का? त्या दिवशी एका पायाने अनवाणीच घरी गेले होते मी!"